करवंट्यांतली भावकी

रानातला ढेकूण हाती लागला की आधी त्याला उताणा पाडायचा, मग त्याची विचारपूस करायची, असा आमच्या घरमालकांचा शिरस्ता होता. वरून बघितलं तर सगळे सारखेच दिसतात, म्हणायचे. पोटाखाली दुमडलेली सोंड दिसली की "हां, आपल्याच भावकीतला हाय" असं पुटपुटायचे आणि झोपलेलं लेकरू कुशीवर वळवावं तसं त्याला अलगद सरळ करायचे. माणसांशीही त्यांची रीत फार वेगळी नव्हती. चकलांब्यात मी त्यांच्याकडं खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना माझं नाव विचारलं ना नोकरी. ओसरीवर उकिडवे बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "देवक कोणतं?"

"कळंब," मी म्हणालो.

"मंग तर आमच्या बायकोच्या माहेरचंच. बसा, बसा. आगं, पाणी आण, तुझा भाऊबंद आलाय!"

झालं, खोली मिळाली. भाड्याचा विषय त्यांच्या बायकोनं, आक्कांनी काढला, तोही चार दिवसांनी आणि लाजत लाजत.

मी तिथल्या तहतानिया शाळेवर मास्तर होतो. तहतानिया म्हणजे निजामाच्या राज्यातली पहिल्या चार इयत्तांची सरकारी शाळा. कारभार सगळा उर्दूत. मी पोरांना उर्दूत हिशेब शिकवायचो आणि पोरं मराठीत चुका करायची. नोकरी बरी होती. घरमालकांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. माघारी गाव त्यांना 'ढेकण्या आबा' म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. एकदा पारावर कुणीतरी तोंडावरच म्हणालं, तर आबा म्हणाले, "ढेकण्या म्हन की बे, पन कोणत्या ढेकणाचा ते बी सांग. नुसतं ढेकण्या म्हंजे काय? नुसतं मानूस म्हनल्यावानी झालं."

हे वेड त्यांना लागलं ते एका साहेबामुळं. कापसाची पाहणी करायला कोणी गोरा साहेब जिल्ह्यात आला होता, त्याचा तंबू आबांच्या आमराईत पडला. त्यानं दुभाष्याकरवी आबांना सांगितलं की बारीक बारीक जिवांतही घराणी असतात, आणि बियाणातलं तेल ओढून जगणाऱ्या ह्या ढेकणांचं आमच्या पुस्तकात एक अख्खं कूळ धरलंय. जाताना त्यानं एक भिंग आबांना देऊन टाकलं. साहेब गेला तो गेलाच. आबांनी मात्र त्या एका सकाळच्या बोलण्यावर पुढची सगळी हयात काढली.

आबांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण कुळ्या जुळवणं हा त्यांचा मूळचाच धंदा. पंचक्रोशीत सोयरीक ठरायची असली की लोक आधी आबांना विचारायला यायचे. कुणाचं देवक काय, कुणाची भावकी कुठून फुटली, कुणाची आजी कोणत्या गावची, सगळं त्यांना तोंडपाठ. हल्लीच्या पोरांना देवक म्हणजे काय हेही सांगावं लागतं, म्हणून सांगतो. घराणं ज्या झाडाला आपलं मूळ मानतं, लग्नात ज्याची डहाळी आणून पुजतं, ते देवक, बापाकडून लेकरांना आलेलं. एका देवकाचे मुलगा-मुलगी म्हणजे बहीणभाऊ. तिथं लग्नाचं नाव काढायचं नाही.

आता आबांनी काय केलं, तर हीच रीत ढेकणांना लावली. जो ज्या झाडावर सापडेल, ते झाड त्याचं देवक! माजघराच्या भिंतीला त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एकेक करवंटी टांगलेली, तोंडाला फडकं बांधलेली. एका करवंटीत सरकीवरचा करडा ढेकूण, मुंगीएवढा, धुरकट पंखांचा. त्याचं देवक कपाशी. दुसरीत खळ्यावर तिळाच्या पेंढ्यांखाली पळणारा तपकिरी. त्याचं देवक तीळ. तिसरीत रुईच्या झाडावरचा तांबडा-काळा, नवरदेवासारखा नटलेला. एखादा ढेकूण चुकीच्या घरात पडलाय असं वाटलं की आबा त्याला चिमटीत धरून दुसऱ्या करवंटीत टाकायचे आणि आत ओरडून सांगायचे, "आज एक सोयरीक मोडली बरं का!"

"माझ्या सासरी करवंटीत खोबरं सोडून समदं हाय," आक्का म्हणायच्या. पण म्हणायच्या एवढंच. सणासुदीला भिंत सारवताना त्या प्रत्येक करवंटी हलक्या हातानं उतरवायच्या आणि जिथल्या तिथं पुन्हा टांगायच्या. चुकून अदलाबदल झाली तर नवरा दोन दिवस जेवायचा नाही, हे त्यांना माहीत होतं.

एकदा कुणीतरी कागाळी केली की आबा घरात विष पाळतात. गेवराईहून अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, घोड्यावर बसून आले, मागं दोन शिपाई. आबांनी त्यांना पाट दिला, गूळपाणी दिलं आणि एक करवंटी सोडून थेट त्यांच्या तळहातावर उपडी केली. अमीनसाहेब उडालेच. "अरे, ये तो खटमल हैं!"

"नै हुजूर," आबा हात जोडून म्हणाले, "खटमल इनका बिगडा हुवा भाई है. ये शरीफ लोगां हैं, सिरफ बी खाते."

अमीनसाहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. मग दुसरी करवंटी मागितली, मग तिसरी. तपास राहिला बाजूला, ऊन उतरेपर्यंत बसले होते. पुढं कधी चकलांब्यावरून जाणं झालं की शिपायाजवळ कागदाच्या पुडीत एखादा ढेकूण पाठवून द्यायचे आणि विचारायचे, खानदान कौनसा?

भिंग मात्र आबा सहसा कुणाच्या हाती देत नसत. अमीनसाहेबांना दिलं ते हुकुमाच्या धाकानं. आपखुशीनं दिलं ते एकाच माणसाला, आणि ते माणूस म्हणजे आक्कांची भाची.

ती शिरूर कासारची. आक्कांच्या सख्ख्या भावाची मुलगी. सुगी संपल्यावर आत्याकडं राहायला आली. आक्कांनी माझी ओळख करून दिली, "हे मास्तर. आपल्याच देवकाचे. तुझे भाऊच लागत्यात." भाऊ! माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, तिला बघितल्याबरोबर माझ्या मनात जे आलं होतं ते भावाच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

ती ढेकणांना भ्यायची नाही. आबा सांगत बसले की भिंतीला टेकून ऐकायची आणि मधेच असं काही विचारायची की आबा मिशी चावायचे. कपाशीवर एक लालभडक ढेकूण असतो, तो आबांनी भाऊ म्हणून करड्याच्याच करवंटीत टाकलेला. तिनं भिंगातून एकदा त्याला बघितलं, एकदा करड्याला बघितलं, आणि म्हणाली, "आबा, ह्या करड्याच्या डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांच्या मधी आनखी दोन बारीक डोळे हायेत. लाल्याला न्हाईत. कावून?"

आबांनी भिंग हिसकावून घेतलं. करड्याचं डोकं बघितलं, लाल्याचं बघितलं. मग लाल्यांना करवंटीतून एकेक करून काढलं, परसात नेऊन सोडलं आणि घरात येऊन म्हणाले, "इतके दिस परक्याला जेवाय घालीत हुतो की गं मी." त्या दिवशी त्यांनी आक्कांना पुरणपोळी करायला लावली. चूक सापडली म्हणून गोडधोड करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझं मन कुणी ओळखलं असेल तर ते आक्कांनी. बायकांना ह्या गोष्टी चुलीपाशी बसून कळतात. तिचंही मन त्यांनी काढून घेतलं असावं. एके दिवशी मी ओसरीवर वह्या तपासत होतो आणि आतून आक्कांचा आवाज आला, "अवं, मास्तर लई गुणाचे हायेत. पोरगी बी सुखात राहील. काई वाट निगती का बगा की."

"येडी का काय तू?" आबा कडाडले. "कळंबाला कळंब? जो ज्या घरचा, त्यो त्या घरचा! भनभावाचं लगीन लावू का मी?"

"तुमच्या ढेकणांची लावता की!"

"त्यांची बी न्हाई लावत मी. तोंड संबाळून बोल."

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. आबांचा शब्द म्हणजे पंचक्रोशीचा शब्द. त्यांनी नाही म्हटल्यावर विचारायला जायचं तरी कुणाकडं? थोड्या दिवसांनी शिरूरहून निरोप आला की एक स्थळ आलंय, अक्षय तृतीयेला सुपारी फोडायची, पोरीला धाडून द्या. ती गेली. बैलगाडीत बसताना तिनं वळून बघितलं नाही, आणि मी शाळेत जाऊन पोरांना उगाच झोडपलं. जेवण गोड लागेना. बदलीची दरख्वास्त द्यावी असं ठरवून टाकलं होतं मी.

आणि मग त्या लिंबाचं झालं.

उन्हाळ्याचे दिवस. कपाशी कधीच उपटून झाली होती, रानं उघडी पडलेली. आबांच्या बांधावर एक जुना लिंब होता. त्याच्या सालीच्या भेगांत त्यांना करड्या ढेकणांचा लोंढाच्या लोंढा सापडला. आबा हरखले. लिंबावरचं नवं घराणं! नवी करवंटी टांगली, देवक लिंब. आत लिंबोळ्या टाकल्या. पण त्यातल्या एकानंही लिंबोळीला सोंड लावली नाही. हळूहळू मरायला लागले. आबा कासावीस. पाला घालून बघितला, साल घालून बघितली. शेवटी काही सुचेना म्हणून त्यांनी चिमूटभर सरकी आत टाकली. तर सगळेच्या सगळे धावले आणि सरकीत सोंडा खुपसून बसले.

आक्का सांगत, आबांनी ती करवंटी अलगद खुंटीला टांगली. मग परत लिंबापाशी गेले, भेगा न् भेगा धुंडाळल्या. म्हातारे ढेकूण हजार, पण पिलू एकही नाही. "आसऱ्याला आलते गं," घरी येऊन म्हणाले. "कपाशी न्हाई म्हनून लिंबानं जागा दिली. जिथं बसलाय ते त्याचं देवक न्हाई. पिलं कुटं झाली ते बगाय पायजे."

हे वाक्य बोलले आणि तसेच उठले म्हणे, पायात जोडा न घालता.

मी वर्गात होतो. खिडकीत एकदम आबांचं पागोटं दिसलं. "मास्तर!" ते गजाला धरून ओरडले, "तुमचा बाप कोण्या गावचा?"

"युसूफ वडगावचा म्हणतात. का हो?"

"म्हनतात म्हंजे? तुमी बगितलं न्हाई?"

"दुष्काळात आई-बाप गाव सोडून निघाले. बाप वाटेतच गेला. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन मामाकडं आली आणि तीही पटकीत गेली. मामानंच वाढवलं."

"आन मामाचं देवक?"

"कळंब."

"आन तुमचं?"

"कळंबच की. ताईच्या लग्नात मामानं कळंबच पुजलं. बापाकडचं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा मामाच म्हणाला, माझंच लावा. तेव्हापासून..."

मी बोलता बोलता थांबलो. अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. इतकी वर्षं मी ते नाव सांगत होतो, आणि ते कुणाचं आहे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मामाचं घर ते माझं घर, मग मामाचं झाड ते माझं झाड. ह्यात विचारण्यासारखं काय होतं? आबांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं माझ्या कर्मा! तुमाला बी मी लिंबाच्याच करवंटीत टाकलं की!"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी गाडी जुंपली. आक्कांना म्हणाले, वडगावला जातो, ह्याच्या बापाची भावकी धुंडाळतो. देवक वेगळं निघालं तर मेव्हण्याला तोंड दाखवीन, न्हाई तर न्हाई. शिरूरला निरोप धाडला की मी येईस्तवर सुपारी फोडू नका.

वडगाव काही जवळ नाही. जायला चार दिवस, यायला चार. पण आठ दिवस उलटले तरी आबा काही परतले नाहीत. अक्षय तृतीया जवळ येत चालली. शिरूरहून दुसरा निरोप आला, किती थांबायचं? मामाही काळजीनं चकलांब्याला येऊन बसला. आक्का रोज वेशीपर्यंत जाऊन यायच्या. माझं तर काही विचारू नका. जिवाची नुसती काहिली. त्यातून मनात दुसरंच भय, वडगावातही कळंबच निघालं तर?

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, गाडी आली. आबा उडी मारून उतरले, धुळीनं माखलेले, डोळे लकाकतायत. आम्ही तिघं धावलो.

"मास्तर!" त्यांनी माझे खांदे धरले. "काय सापडलं सांगू?"

"सांगा, आबा!"

"वडगावात हिरीपाशी मेथीचा वाफा. त्यात बारका ढेकूण, डोळे हे असे बटबटीत! पंख आपल्यासारखे, सोंड आपल्यासारखी, डोक्यावर ते दोन बारीक डोळे बी हायेत. म्या म्हनलं, घरचाच. आन त्यो काय खात हुता? मावा! पाल्यावरची कीड, जित्ता मावा! माळकऱ्याच्या घरात बकरं खानारा निगाला की हो! तीन दिस मी वाफ्यातनं उटलो न्हाई..."

"आवं, मेल्या त्या ढेकणाचं नका सांगू!" आक्का आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडल्या असतील. "देवकाचं काय झालं?"

"आं? ते व्हय!" आबा भानावर आले. "ते हाय की. ते गाडीत बसलंय."

गाडीत घोंगडीवर एक म्हातारा होता. आम्ही कुणी बघितलंच नव्हतं त्याच्याकडं. तो चाकाला धरून खाली उतरला, काठी टेकत माझ्यापुढं आला आणि हनुवटीला धरून माझं तोंड उन्हाकडं वळवलं.

"ह्याचा बाप माझा चुलतभाऊ," तो म्हणाला. "एका ताटात जेवलो आमी. दुष्काळात बायकोपोरं घिऊन गेलता, माघारी आलाच न्हाई. वाटंलाच सगळे गेले आसं धरून आमी दिवस घातले ह्यांचे." मग त्यानं मला पोटाशी धरलं. "आपलं देवक पंचपालवी हाय रं पोरा. वड, पिंपळ, उंबर, आंबा, जांभळ. कळंब कुटला?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. आबा तेवढ्यात शिरूरला घोड्यावर माणूस पिटाळायला धावले. मला आनंद झाला, फार झाला, पण त्याचबरोबर माझं लक्ष मामाकडं गेलं. तो खांबाला टेकून उभा होता. चेहरा पार उतरलेला.

"मंग मी कोण ह्याचा?" तो हळूच म्हणाला. "खांद्यावर घिऊन वाढवला. गोवर आला तवा रातरात जागलो. माझं नाव, माझं झाड दिलं. ते समदं खोटंच का आता?"

आबा दारातून परतले, मामाजवळ गेले. "मामा, लिंबावर ते करडे ढेकूण..." एवढं बोलले आणि थांबले. "न्हाई," ते म्हणाले, "मला मानसाचं न्हाई सांगता येत." आणि मामाशेजारी खाली बसून राहिले. एवढं बोलणारा माणूस, पण त्यांनी नुसता मामाचा हात हातात घेतला. त्या दिवसाइतके ते मला कधीच आवडले नव्हते.

मामा तसाच शिरूरला आमच्याबरोबर आला. सोयरीक जुळली. स्थळ आलेल्या घरची समजूत आबांनीच काढली. म्हणे, वेळ द्या, तुमच्या पोराला ह्याहून चांगली पोरगी काढून देतो, आणि पुढं दिलीही. लग्नाची तयारी होईपर्यंत त्यांनी माजघरातल्या सगळ्या करवंट्या रिकाम्या करून नव्यानं लावायला घेतल्या. खाण्यावरून नाही, बसण्याच्या झाडावरून नाही, तर पिलं, डोळे आणि पंख बघून. इतक्या वर्षांची मांडणी मोडताना माणूस हळहळेल की नाही? आबा ओव्या गुणगुणत होते. आमची ही अजूनही सांगते, आबांना इतकं सुखात मी कधी बघितलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसवायचं होतं. देवकाला जोडपं लागतं. वडगावच्या चुलत्याची बायको कधीच वारलेली. मांडवात कुजबुज सुरू झाली, आता बसायचं कुणी? म्हातारा उठला आणि सरळ मामापुढं जाऊन उभा राहिला.

"पाव्हणं, तुमी आन वयनी बसा."

मामा दचकला. "माझं कळंब हाय. तुमच्या देवकाला माझा हात कसा चालंल?"

"देवक आमचं हाय," म्हातारा म्हणाला, "लेकरू तुमचं हाय. तुमी नसता तर हे देवक पुजाय हाय कोण आमच्यात?"

मामानं कोयता उचलला आणि एकटाच बाहेर पडला. गुरव म्हणत होता, डहाळ्या मी आणतो, मामानं ऐकलं नाही. पाची झाडं एका जागी थोडीच असतात? वड ओढ्याकाठी, जांभूळ पार शिवेवर. घामाघूम होऊन परतला तेव्हा कोपरं खरचटली होती आणि काखेत डहाळ्यांचा भारा होता. आबा त्या भाऱ्यातली पानं उलटून बघायला पुढं झाले, तर आक्कांनी त्यांना धोतराला धरून मागं ओढलं.

मामा-मामी पाटावर बसली. मी शेजारी. गुरवानं हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "देवक कोणतं?"

मामाच्या तोंडून 'क' निघाला. मला ऐकू आला तो. मग त्यानं माझा हात आपल्या मांडीवर घट्ट धरला आणि मांडवाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "पंचपालवी! माझ्या पोराचं देवक पंचपालवी!"